खालून टाकलेला बॉल

आम्ही खाप्याचे. सावनेर तालुक्यातलं खापा, कन्हान नदीच्या काठचं, नाव मोठं नाही पण माणसं कष्टाची, असं मी कोणालेही सांगते, लाजत नाही. माहं नाव सुनीता, माहेरची निखाडे, घरी अन् क्लबात सगळे सुनीच म्हणत, आता ऑफिसात मॅडम म्हणतात, पण कोणी सुने म्हणून हाक मारली का मी अजूनही गर्रकन वळून पाहते. बी.ए. झाली मी. आमच्या घरात कॉलेज पाहणारी पहिली, पोरं अन् पोरी दोन्ही मिळून पहिली, हे तुम्ही नीट लिहा बरं, कारण ते कोणी मले आणून नाही दिलं, मी कमावलं आहे. बाबांची थोडी शेती, कपाशी अन् तूर, अन् उन्हाळ्यात नदीचं पाणी आटलं का आम्ही रेतीत वाडी लावत असू, टरबुजाची. आता तुम्ही म्हणान बास्केटबॉलची गोष्ट सांगते म्हणाली अन् हे टरबूज कुठून काढलं हिनं, तर सांगते ना, थांबा, घाई नका करू.

रेतीतून वर रस्त्यापर्यंत टरबूज न्यायचं म्हणजे टेम्पो काही खाली येत नाही, त्याची चाकं फसतात, म्हणून आम्ही ओळीनं उभे राहायचो, बाबा खाली, मी मधात, माय वर, अन् एकानं दुसऱ्याकडे हातोहात टाकायचं. वजनदार चीज, वरून फेकताच येत नाही, दोन्ही हात खालून लावायचे, गुडघे वाकवायचे, अन् असं अलगद सोडायचं का समोरच्याच्या हातात ते येऊन बसलं पायजे, आदळलं नाही पायजे, आदळलं का तडकलं, अन् तडकलेलं मग घरच्यांनीच खायचं. माय ओरडे, सुने, फेकून काहून राहिली वं, फेकू नको, ठेव, हवेतून ठेव माह्या हातात. लहानपणापासून हेच करत आली मी, त्याच्यात मले काही विशेष वाटत नव्हतं.

बारावी झाली, मार्क बरे होते, अन् बाबांनं मले नागपूरले पाठवलं, पोरींच्या होस्टेलात. शेजारचे म्हणत, काहून पाठवता गा पोरीले, बाबा म्हणे तिले जायचं आहे म्हणून पाठवून राहिलो, झालं. बाबांचं बोलणं असंच, दोन वाक्यांत संपते. होस्टेलातून कॉलेजात पायी जायची मी, वाटेत एक क्लब होता, सिमेंटचं ग्राउंड, दोन टोकांले दोन रिंगा, अन् तिथे पोट्ट्या खेळून राहायच्या. मी कुंपणाशी उभी राहून पाहायची. एक दिवस तिथले कोच, उमरेडकर सर, आपली नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ फुकट शिकवणारा माणूस, ते आले अन् विचारलं, काय वं, रोज पाहतेस, खेळायचं का? मी म्हटलं, सर, मले कबड्डी येते. सर म्हणे, कबड्डीसारखं धरलं तर इथे फाउल होते, पण पाय रोवून उभं राहता येते ना? तेवढं येते म्हटलं. मग ये, म्हणे, बाकीचं पाहू. खरं सांगू का, मी गेली ते खेळासाठी कमी अन् प्रॅक्टिसनंतर भिजवलेले चणे अन् गूळ मिळायचा त्याच्यासाठी जास्त, होस्टेलची मेस काय असते ते तुम्हाले माहीत असन.

बॉल माह्या हातात राहायचाच नाही. टप्पा मारला का तो इकडे अन् मी तिकडे. आमची पिंकी होती, इतवारी बाजाराकडची, हिंदी बोलणारी, हरणासारखी पळे, ती म्हणे, ए सुनी, गेंद को घूर मत, वो भाग के मायके नहीं जाएगी. सगळ्या हसत, मीही हसे. अन् मृणाल. मृणाल म्हणजे आमची हिरॉईनच म्हणा ना. नागपूरच्या जुन्या महाल वस्तीत राहणारी, पिढ्यान्‌पिढ्या नागपुरातलं शिकलेलं घर, वडील बँकेत, बोलणं स्वच्छ, मला-तुला वालं, अन् खेळ असा का ती हवेत गेली का समोरच्या पोरी नुसत्या मान वर करून पाहत. अर्ध्याहून जास्त पॉइंट तिचे एकटीचे असत. मृणालबिना आम्ही कुठेच पोहोचलो नसतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण आता मी जे सांगणार आहे त्याच्यात तिची उणीदुणी काढायची नाही मले.

तर टीम असते बारा जणींची. ग्राउंडवर पाच, बाकावर सात. मी बाकावरची. बाकावरचीही शेवटून दुसरी-तिसरी. पण उमरेडकर सरांच्या डोक्श्यात प्रत्येकीचं काम ठरलेलं होतं. माहं काम काय, तर समोरच्या टीमची जी सगळ्यात उंच पोरगी असन तिले रिंगजवळ येऊ द्यायचं नाही. बॉल रिंगवरून उसळून खाली येते ना, तेव्हा आपली पाठ तिच्या पोटाले लावायची, बूड मागे काढायचं, हात वर, अन् जागा धरून ठेवायची, म्हणजे बॉल आपल्या दुसऱ्या पोरीले भेटते. हात लावायचा नाही, ढकलायचं नाही, नुसतं आहे तिथून हलायचं नाही. मी सरांले म्हटलं, सर, हे तर सावनेरच्या स्टँडवर खाप्याच्या एस.टी.त चढताना रोज करते मी. सर म्हणे, म्हणूनच तुले घेतलं. आता ह्या कामाचे पॉइंट कुठे लिहिले जात नाहीत. बॉल पिंकीनं पकडला, पिंकीचं नाव. मृणालनं टाकला, मृणालचं नाव. सुनीनं कोणाले तरी अडवलं होतं हे फक्त सुनीले अन् जिले अडवलं तिले माहीत.

दुसरं माहं काम म्हणजे फ्री थ्रो. समोरच्यानं आपल्याले फाउल केला का रिंगसमोर एक रेघ असते, तिच्यावर उभं राहून मोकळा बॉल टाकायले भेटते, कोणी अडवत नाही, सगळे उभे राहून पाहतात. आता बाकी दुनिया वरून टाकते, कपाळाजवळून, एका हाताचा धक्का देऊन. माहा तसा कधी गेलाच नाही. कधी रिंगच्या वरून, कधी खालून, एकदा तर बाजूच्या पानठेल्यावर गेला. एक दिवस कंटाळून मी बॉल दोन्ही हातांनं खालून धरला, गुडघे वाकवले, अन् जसा वाडीवर टाकायची तसा सोडला. गेला. परत टाकला, परत गेला. सगळ्या पोट्ट्या पोट धरून हसायले लागल्या, मृणाल तर खालीच बसली हसता हसता, म्हणे, अगं सुनी, हे काय, आजीबाई दळण टाकतायत का जात्यात! सर मात्र हसले नाहीत. ते येऊन जवळ उभे राहिले अन् म्हणे, पुन्हा टाक. मग म्हणे, पुन्हा. मग म्हणे, आजपासून ही असाच टाकन, अन् ज्या पोरीचा बॉल हिच्यापेक्षा जास्त वेळा आत जाईन तिनंच हसावं. मग हसत राहिल्या, पण तोंडावर हात ठेवून.

सरांची एक रीत होती, आमच्याच क्लबात होती, मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. प्रॅक्टिस संपली, सगळ्या थकल्या, भुका लागल्या, कोणाची बस सुटून राहिली, कोणाची माय घरी वाट पाहून राहिली, का सर शिटी मारायचे अन् एका पोरीकडे बोट दाखवायचे. नाव नाही घ्यायचे, नुसतं बोट. तिनं दोन फ्री थ्रो टाकायचे. दोन्ही गेले तर चणे खा अन् घरी जा, एक जरी चुकला तर सगळ्यांनी ग्राउंडले चकरा मारायच्या, अन् वरून बाकीच्यांले पूर्ण सूट, पाहिजे तेवढी बोंब मारा, चिडवा, टाळ्या पिटा, तिचं लक्ष उडवा. आता विचार करा, स्वतःच्याच पोटावर पाय येणार असूनही आम्ही बोंबलायचो, अशा हलकट होतो आम्ही. सुने, बुटाची दोरी सुटली वं! सुने, तुहा बाप आला पाहा गेटवर! पिंकी थाळी वाजवे. सर म्हणत, ज्या दिवशी खरंच कामी पडन त्या दिवशी ग्राउंड याच्याहून शांत असन. हे त्यांचं म्हणणं तेवढं चुकीचं निघालं.

त्या वर्षी मी शेवटच्या वर्षाले होती, अन् आमची टीम राज्याच्या फायनलले पोहोचली, फायनल नागपुरातच, आमच्याच ग्राउंडवर. आता ह्या फायनलचं महत्त्व तुम्हाले समजलं पायजे. पहिला नंबर आला तर बाराही जणींले सारखंच सर्टिफिकेट, अन् त्याच्यावर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागेले अर्ज करता येत होता. मृणालले त्याची गरज नव्हती, ती पुढे शिकायले जाणारच होती. मले होती. बाबांनं म्हटलं होतं, डिग्री झाली अन् नोकरीचं जमलं तर नागपुरात राहा, नाही जमलं तर घरी ये, वाडीवर हात लागतेच. रागानं नाही म्हटलं, सरळ म्हटलं, पण मले घरी जायचं नव्हतं. वाडीचं काम हलकं आहे म्हणून नाही. मी एवढं शिकून परत त्याच रेतीत उभी राहिली असती तर गावातल्या पुढच्या पोरीले कोणी पाठवलं नसतं, म्हटलं असतं निखाड्याची गेली होती ना शिकायले, काय झालं.

फायनलच्या आदल्या दिवशी मृणालची आई ग्राउंडवर आली, सगळ्यांसाठी शंकरपाळे घेऊन, मोठ्या मनाची बाई, पण जीभ जरा धारेची. माह्या हातावर शंकरपाळे ठेवता ठेवता हसत म्हणाली, तुमचं बरं आहे गं सुनीता, बाकावर बसूनसुद्धा तेच सर्टिफिकेट मिळतं. मी शंकरपाळे खाल्ले. काय करणार, भूक लागली होती, अन् चांगले झाले होते. पण ते वाक्य गिळलं गेलं नाही.

त्याच संध्याकाळी क्लबाचे सेक्रेटरी साहेब आले. पांढरा शर्ट, खिशात दोन पेन, अन् सोबत त्यांची भाची, उंच पोरगी, खेळायची बरी, वाईट नव्हती बिचारी. साहेब सरांले म्हणे, उमरेडकर, उद्या मोठे पाहुणे येऊन राहिले, पेपरवाले येऊन राहिले, अन् तुमची ती पोरगी खालून बॉल टाकन तर नागपूरचं हसं होईन, तिच्या जागी आमच्या हिचं नाव घाला. मी तिथेच ग्राउंड झाडून राहिली होती, मले सगळं ऐकू येऊन राहिलं होतं. सर म्हणे, साहेब, बॉल आत जाते ना? साहेब म्हणे, जात असन, पण दिसते कसं? सर म्हणे, बोर्डावर पॉइंट दिसते साहेब, हात नाही दिसत. मग दोघांचं लय वेळ चाललं. शेवटी साहेबांनं मलेच हाक मारली, म्हणे, हे पाहा सुनीता, तुहं नाव राहू देतो, पण शब्द दे, वेळ आली तर बॉल वरून टाकशीन, चारचौघींसारखा. मी सरांकडे पाहिलं. सर दुसरीकडे पाहून राहिले होते. मी मान हलवली. हो म्हटलं. काय करती, नाव कापलं असतं तर सगळंच कापलं गेलं असतं.

फायनलले समोर मुंबईच्या पोरी. त्यांच्यात एक होती, आम्ही तिले टॉवर म्हणत असू, एवढी उंच का आमच्या पिंकीनं तिच्या खांद्याखालून जाऊन दाखवलं होतं वॉर्म-अपमध्ये. ग्राउंड गच्च, चारही बाजूंले लोक, पोट्टे कुंपणावर चढून बसले, लाइट लागलेले, पहिल्या ओळीत पाहुणे, त्यांच्या बाजूले सेक्रेटरी साहेब. मृणाल काय खेळली त्या दिवशी, मी शब्दांत सांगूच शकत नाही, एकटीनं टीम ओढून नेली. पण ती सगळीकडेच धावून राहिली होती, टॉवरले अडवायलेही तीच, अन् त्याच्यात तिचे फाउल होत गेले. ह्या खेळात पाच फाउल झाले का खेळाडू बाहेर, मग तुम्ही कोणीही असा. शेवटची काही मिनिटं राहिली अन् मृणालचा पाचवा फाउल झाला. शिटी वाजली तेव्हा असं वाटलं का लाइटच गेली. लोकांचा आवाज बसला. मृणाल रडत रडत येऊन बाकावर बसली, टॉवेल डोक्श्यावर घेतला.

सर बाकाकडे वळले. सेक्रेटरी साहेब खुर्चीतून अर्धे उठले. सरांनं बोट दाखवलं, माह्याकडे.

मी गेली. कुंपणावरून एक पोट्टा ओरडला, अबे, मृणालच्या जागी हे कोणाले उतरवलं बे! मी ऐकलं नाही असं नाही, ऐकलं, पण मले तेव्हा मृणालच्या जागी खेळायचंच नव्हतं, मले माह्या जागी खेळायचं होतं. मी जाऊन टॉवरले पाठ लावून उभी राहिली. एकदा उसळला बॉल, ती हलू शकली नाही, पिंकीनं घेतला. दुसऱ्यांदा उसळला, तसंच. ती वरून काहीतरी इंग्लिशमध्ये पुटपुटे, मी खालून म्हणे, बोल बाई बोल, जागा देत नाही. पॉइंट हळूहळू जवळ येत गेले, आम्ही एकानं मागे राहिलो, अन् अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ राहिला तेव्हा बॉल परत रिंगवरून उसळला अन् टॉवरनं वैतागून मले दोन्ही हातांनं असं ढकललं का मी जाऊन सिमेंटवर पडली, गुडघा सोलला. शिटी. तिचा फाउल. मले दोन फ्री थ्रो.

आता पाहा, एकानं मागे, दोन थ्रो, अन् रेषेवर मी. खाप्याची सुनी. सरांनं जे सांगितलं होतं का ग्राउंड शांत असन, ते काही झालं नाही, असा कल्लोळ का माहाच श्वास मले ऐकू येईना. मी पहिल्या ओळीकडे पाहिलं. सेक्रेटरी साहेबांनं बोट वर केलं, वरून, असं. मी शब्द दिला होता ना. मी बॉल कपाळाजवळ नेला, चारचौघींसारखा, अन् टाकला. रिंगले लागला, ठण्णकन, अन् बाहेर.

तुम्हाले एक गोष्ट सांगते, ती मी आजपर्यंत विसरली नाही. तेव्हा कोणी हसलं नाही. मी चुकली, टीम हारायच्या बेतात आली, तरी एकही माणूस हसला नाही, सगळ्यांनी नुसतं अरेरे म्हटलं, हळहळले बिचारे. म्हणजे नीट दिसणाऱ्या पद्धतीनं चुकलं तर लोक तुम्हाले माफ करतात. मले त्या माफीचा असा राग आला काय सांगू.

अन् तेवढ्यात बाकावरून आवाज आला. मृणाल टॉवेल फेकून उभी झालेली, चेहरा सुजलेला, अन् ती जन्मात पहिल्यांदा आमच्या बोलीत ओरडली, सुने, खालून टाक वं! तुह्या हातानं टाक! रेफरीनं तिच्याकडे डोळे वटारले, सरांनं तिले खांदे धरून खाली बसवलं, पण ते माह्यापर्यंत पोहोचलं. जी सगळ्यात जास्त हसली होती ना, तीच.

मी पहिल्या ओळीकडे परत पाहिलंच नाही. दोन्ही हातांनं बॉल खाली नेला, गुडघ्यांच्या मधात, अन् अख्खं ग्राउंड हसलं. अख्खं. अबे हे काय, पाणी शेंदून राहिली का! मॅडम, बाल्टी आणू का? पाहुणेही हसले, मले दात दिसले त्यांचे. मी मनात म्हटलं, हसा, आमच्या पिंकीची थाळी याच्याहून मोठी वाजते. अन् सोडला. बॉल वर गेला, हळू, फिरलाही नाही, अन् रिंगच्या काठाले न शिवता जाळीतून खाली आला. हसणं मधातच थांबलं. म्हणजे तोंडं उघडी तशीच राहिली अन् त्याच तोंडांतून ओरडणं निघालं. बरोबरी झाली.

पण सामना संपला नव्हता, हे लोक विसरतात, मी विसरली नव्हती. त्यांनी बॉल घेतला, पळाल्या, घाईघाईनं टाकला, अन् तो रिंगवर बसला, नाचला. टॉवर वर जायले निघाली अन् मी तिच्या पुढे. गुडघ्यातून रक्त येऊन राहिलं होतं, मले नंतर समजलं. ती वर गेलीच नाही. बॉल पडला पिंकीच्या हातात, अन् पिंकी जी सुटली ती ह्या टोकाहून त्या टोकाले, मागे कोणी नाही, अन् टाकला, अन् तिकडे भोंगा वाजला. जिंकलो आम्ही. पोट्टे कुंपणावरून ग्राउंडवर पडले, एकमेकांच्या अंगावर. पिंकीले उचललं सगळ्यांनी. मी तिथेच बसली, टॉवरच्या बाजूले. ती म्हणे, यू आर लाइक अ वॉल. तेवढं इंग्लिश मले समजलं, मी बी.ए.ले होती.

नंतरची गंमत ऐका. सेक्रेटरी साहेब हार घेऊन आले, माह्या पाठीवर थाप मारली अन् पेपरवाल्यांसमोर म्हणे, मीच सांगितलं होतं हिले, पोरी, तुह्या पद्धतीनं टाक, लोकांची पर्वा करू नको. उमरेडकर सर बाजूले उभे, त्यांनी नुसता चष्मा पुसला. मृणालच्या आईनं माह्या गुडघ्यावरचं रक्त स्वतःच्या पदरानं पुसलं. अन् पेपरात फोटो आला पिंकीचा, रिंगखाली उडी मारून बॉल पकडतानाचा, सुंदर आला होता. माहं काय, तर फोटोच्या एका कोपऱ्यात एक कोपर दिसून राहिलं होतं. बाबांनं तो पेपर खाप्यात घरोघरी दाखवला. हे कोपर पाहा, म्हणे, हे आपल्या सुनीचं. लोक म्हणत, कशावरून गा? बाबा म्हणे, बाप आहो मी, मले कोपर ओळखू येत नाही का?

मग अर्ज केला, सगळं रीतसर, अन् नोकरीच्या मुलाखतीले बोलावलं. पायात सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेल्या नवीन चपला, चावून राहिल्या होत्या. आत तीन साहेब. एकानं सर्टिफिकेट पाहिलं, चष्म्यावरून माह्याकडे पाहिलं, म्हणे, बास्केटबॉल, अन् एवढीशी उंची? मी म्हटलं हो साहेब. म्हणे, फायनलमध्ये किती पॉइंट काढले? मी म्हटलं, एक. तिघंही हसले. म्हणे, एकच? राज्याची चॅम्पियन अन् पॉइंट एक? आता मी घाबरायले पायजे होतं, पण घाबरली नाही, कारण जे माहं होतं तेच मी सांगून राहिली होती. मी म्हटलं, हो साहेब, एकच, पण त्याच्या आधी आम्ही हारून राहिलो होतो अन् त्याच्यानंतर नाही. मधातले साहेब हसायचे थांबले. म्हणे, फ्री थ्रो तर दोन भेटतात, मग एक कुठे गेला? म्हटलं, पहिला मी चुकवला, दुसऱ्याच्या पद्धतीनं टाकला म्हणून. ते म्हणे, बसा, पाणी घ्या. यादीत माहं नाव आलं. बाबांले फोन केला तर ते म्हणे, बरं झालं, मग आता नागपुरातच राहा. दोन वाक्यंही नाही, एकच.

आता माही नोकरी चांगली चालली, हाताखाली माणसं आहेत, नवरा समजूतदार भेटला, तो गांधीबागेत कापडाच्या दुकानात हिशेब पाहते, अन् मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं का ग्राउंडवर जाते, पोरींले शिकवते, उमरेडकर सरांसारखीच, फुकट. सर आता थकले, येऊन खुर्चीत बसतात. मृणाल परदेशात असते, फोन करते, तिच्या आईसाठी औषध-पाणी कधी लागलं तर मी जाते. पिंकीची स्वतःची अकॅडमी आहे, पोट्ट्यांच्या आयांले हिंदीत दम देते.

अन् मायबाप माह्याकडे येतात, म्हणतात, मॅडम, आमच्या पोरीले तुम्ही बाकावर काहून बसवता, ती हुशार आहे. मी म्हणते, बाई, हुशार आहे म्हणूनच बारात आहे. टीम जिंकते ती पाच जणींवर नाही जिंकत. पाच जणी तुम्हाले फायनलपर्यंत घेऊन जातात, हे खरं आहे, त्यांच्याबिना काही नाही. पण फायनलच्या शेवटी असा एक क्षण येतेच का ज्याच्यावर तुमची सगळी मदार असते ती बाहेर बसलेली असते, थकलेली असते, तिले तीन-तीन जणींनी घेरलेलं असते, अन् तेव्हा जी उतरते तिले एकच गोष्ट येत असली तरी चालते, पण ती पक्की आली पायजे, झोपेतून उठवलं तरी आली पायजे. मी तर पोरी निवडताना आधी हेच पाहते का कोणाले बॉल नसताना काम करता येते. बॉल हातात असताना सगळ्याच खेळतात. काही मायबापांले पटते, काही पोरीले दुसऱ्या क्लबात घेऊन जातात, जाऊ द्या, ज्याची त्याची मर्जी.

एवढीच माही गोष्ट. यंदाही आमची टीम चांगली आहे, पुढच्या महिन्यात सामने आहेत. माहं म्हणणं एवढंच का ज्या पोरींची नावं पेपरात येऊन राहिली त्यांचं भलं होवो, त्या खूप खेळोत, पण बाकाच्या शेवटी जी बसली आहे ना, जिचं नाव अजून तिच्या गल्लीलेही माहीत नाही, तिच्याही वाट्याले एकदा तरी तो थ्रो येवो, अन् तो आला का लोक हसले तरी तिनं तो आपल्याच हातानं टाकावा. आत जाईन का नाही ते तिच्या प्रॅक्टिसवर. चला, उठते मी आता, पोट्ट्या आल्या असतील, अजून ग्राउंड झाडायचं आहे.